कल्हई, डाख आणि सर्किट : कथिल-तांब्याच्या सोयरिकीचा इतिहास

कथिल आणि तांबे यांची गाठ पडली की काय होते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. साहित्य मंडळाच्या व्यासपीठावर हा विषय कुणाला थोडा उपरा वाटेल. पण आपल्या भाषेने या गाठीला दोन शब्द फार पूर्वीच दिले आहेत. भांड्याच्या आतून कथिलाचा पातळ थर चढवला की ती कल्हई. दोन पत्रे किंवा दोन तारा कथिलमिश्रित धातूने जोडल्या की तो डाख. हीच क्रिया आज मोबाईलच्या पोटात हजारो ठिकाणी घडलेली असते, आणि तिथे तिला सोल्डरिंग म्हणतात. शब्द तीन झाले, रसायन एकच राहिले. या रसायनाचा इतिहास सुरत-नवसारीच्या पट्ट्यातून सांगता येतो, आणि त्यात आपल्या घरांचाही वाटा आहे.

पलसाणा म्हटले की आज महामार्ग, कडोदऱ्याची गर्दी आणि डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांच्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात. १९४९ पूर्वी हा बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतातला एक महाल होता. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडावर बस्तान बसवल्यापासून या भागात मराठी माणसे येत राहिली. कुणी वहिवाटदार कचेरीत, कुणी शाळेत, कुणी फौजेत. पुढे १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून चलथाण, बारडोली, व्यारा, नंदुरबार करीत अमळनेरकडे गेली आणि खानदेशाचा रस्ता उघडला. १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पलसाणा सुरत जिल्ह्यात आला. या सगळ्या स्थलांतरांत आपल्या घरांबरोबर हंडे, पातेली, तपेली, परात आणि घंगाळ हेही आले. भांडी आली की कल्हईवाला ओघाने आलाच.

आता मूळ धातूंकडे पाहू. आपल्या देशात तांब्याच्या खाणी होत्या, पण कथिल नेहमीच अपुरे पडले. ते समुद्रावरून यायचे, मुख्यतः मलाया द्वीपकल्पातून. कल्हई हा शब्दच त्या वाटेची साक्ष देतो. अरबी-फारसीत कथिलाला ‘कलई’ म्हणतात, आणि या नावाचा संबंध अरब दर्यावर्दी ज्याला ‘कलह’ म्हणत त्या मलायाच्या किनाऱ्यावरील बंदराशी जोडला जातो. सतराव्या शतकात डच कंपनीची वखार सुरतेत होती. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतले आणि तिथल्या कथिलाच्या व्यापारावर पकड बसवली. हीच कंपनी जपानचे तांबेही हिंदुस्थानात आणून विकत असे, आणि सुरत ही त्या मालाची एक मोठी बाजारपेठ होती. म्हणजे जपानचे तांबे आणि मलायाचे कथिल ही दोन परदेशी स्थळे सुरतेच्या धक्क्यावर एकत्र येत. त्यांचे लग्न मात्र गावोगावच्या भट्टीवर लागायचे.

हे लग्न लावणारा भटजी म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याची कृती आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. जमिनीत खड्डा खणून कोळसे पेटवायचे, भाता मारायचा, भांडे वाळू-चिंचेने किंवा आम्लाने लखलखीत घासायचे, मग ते तापवून त्यावर नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर निघाला की कथिलाची कांडी तळाला टेकवायची आणि कापसाच्या किंवा चिंधीच्या बोळ्याने वितळलेले कथिल झरझर फिरवायचे. शेवटी भांडे पाण्यात बुडवले की चर्र आवाज होऊन आत चांदीसारखा उजाळा यायचा. मुले तो धूर आणि तो आवाज यासाठीच गोळा होत.

त्या धुरात काय होते? तांबे हवेत तापले की त्यावर ऑक्साइडची काळपट साय धरते. या सायीवर वितळलेले कथिल टाकले तर ते अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन घरंगळते, चिकटत नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. सुमारे ३४० अंश सेल्सियसला ते विघटित होऊन अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडची साय खाऊन टाकते आणि क्षणभर नितळ तांबे उघडे पडते. त्या क्षणात कथिल पोचले पाहिजे. उशीर झाला तर साय पुन्हा धरते. कल्हईवाल्याच्या हाताची घाई ही या रसायनाची घाई होती. राळ लावून तार जोडणारा रेडिओ-दुरुस्तीवालाही हेच काम करायचा. नवसागराच्या जागी राळ आली, एवढाच फरक. नवसागराचे अवशेष मागे राहिले तर बारीक तारा गंजतात, म्हणून विजेच्या कामात सौम्य राळ आली.

नितळ तांब्यावर कथिल पोचले की ते नुसते चिकटत नाही, इथे खरी गंमत आहे. रंग भिंतीला चिकटतो, तसे हे चिकटणे नव्हे. कथिल आणि तांबे यांची रासायनिक क्रिया होऊन मधोमध एक तिसराच पदार्थ तयार होतो: सहा अणू तांब्याचे आणि पाच अणू कथिलाचे, अशा ठरलेल्या प्रमाणाचे संयुग. तांब्याच्या बाजूला, उष्णता जास्त वेळ मिळाली तर, तीन अणू तांबे आणि एक अणू कथिल असे दुसरे संयुगही बनते. दोन्ही करड्या रंगाची, कठीण आणि ठिसूळ. डाखाच्या एका चांगल्या सांध्यात हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एक-दोन पट इतकाच जाड असतो. तो नसेल तर सांधा धरलेलाच नाही असे समजावे. तो फार वाढला तर सांधा तडकतो. साऱ्या सोल्डरिंगशास्त्राचा गाभा या मधल्या थराला आवरण्यात आहे.

हा थर भट्टीवरून भांडे उतरल्यावरही वाढत राहतो. घन अवस्थेतही अणू हळूहळू सरकतात. जाडी दुप्पट व्हायला साधारण चौपट काळ लागतो, आणि उष्णता असेल तर वेग झपाट्याने वाढतो. रोज चुलीवर चढणाऱ्या पातेल्याची कल्हई काही महिन्यांत करडी, निस्तेज होते, ती केवळ घासण्याने झिजते म्हणून नव्हे. खालचे तांबे तिला आतून खात असते. मऊ चकचकीत कथिल संपून करडे संयुग वर आले की त्यावर नवे कथिलही नीट धरत नाही, म्हणून कल्हईवाला जुने भांडे इतके खरवडून घासायचा. आता हे लक्षात ठेवा, कारण सर्किट बोर्डाच्या कारखान्यात हाच प्रश्न पुन्हा भेटणार आहे. रिकामे पातेले चुलीवर ठेवू नये हा आजीचा नियमही याच हिशेबातला. कथिल २३२ अंशांना वितळते. आत पाणी असेपर्यंत तळ शंभराच्या आसपास राहतो. पाणी आटले की कल्हई वितळून थेंबाथेंबाने एका बाजूला गोळा होते.

कल्हई कशासाठी, हे सांगायला आपल्याकडे एक अचूक क्रियापद आहे: कळकणे. ताक, कढी, चिंचेचे सार उघड्या तांब्या-पितळेत ठेवले की कळकते. आम्लाने तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, चव बिघडते, पोट बिघडते. ‘पितळ उघडे पडणे’ या वाक्प्रचारात वरचा मुलामा जाऊन आतला खरा धातू दिसण्याचे चित्र आहे. ज्या समाजाच्या स्वयंपाकघरात हा प्रसंग दर काही महिन्यांनी घडत होता, त्याला तो वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नव्हता.

पण कल्हईत एक खोट शिरू शकत होती, आणि ती जिवाशी खेळणारी होती. ती म्हणजे शिसे. कथिल महाग, शिसे स्वस्त. शिवाय दोन्हींचे मिश्रण शुद्ध कथिलापेक्षा कमी उष्णतेत वितळते. सुमारे ६२ भाग कथिल आणि ३८ भाग शिसे घेतले तर १८३ अंशांनाच एकदम पाणी होते. कोळसा वाचतो, हात सहज फिरतो. रसायनाच्या दृष्टीने शिसे या लग्नातले नुसते वऱ्हाडी असते. तांब्याशी संयुग करते ते कथिल. शिसे तांब्याशी जवळजवळ काहीच करीत नाही. भांड्यात मात्र आंबट पदार्थ पडला की शिसे अन्नात उतरते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा थोडा अंशही अपाय करतो. ही भेसळ जुन्यांना ठाऊक नव्हती असे नाही. रसरत्नसमुच्चयात वंगाचे म्हणजे कथिलाचे खुरक आणि मिश्रक असे दोन प्रकार सांगून खुरक श्रेष्ठ ठरवला आहे. बाजारातली परीक्षाही सोपी होती: शुद्ध कथिलाची कांडी वाकवली की चरचर आवाज करते, शिशाची कांडी मुकाट वाकते आणि कागदावर ओढली की काळी रेघ उठवते.

हे सारे ज्ञान कारागिराच्या हातात होते, पुस्तकात फारसे नव्हते. हातातले शास्त्र आणि पुस्तकातले शास्त्र एकत्र आणण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला, म्हणून त्याचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. १८६३ मध्ये सुरतेत जन्मलेले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे परंपरेने सुतारकाम करणाऱ्या घरातले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते बडोदे कॉलेजात आले आणि १८९० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या आश्रयाने त्यांनी कलाभवन उभे केले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला हे विषय, आणि शिकवण्यावर भर देशी भाषेतून. दादासाहेब फाळके तिथेच छायाचित्रण शिकले. शास्त्रीय विषयांची देशी भाषांतील पुस्तके व्हावीत म्हणून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही माला योजली गेली. गज्जरांच्या हाताची कीर्ती मुंबईत झाली ती एका पृष्ठभागामुळेच. १८९६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. इतरांना न निघालेले ते डाग गज्जरांनी पुतळ्याला इजा न करता काढले. दगड असो की धातू, वरची साय कशी काढावी आणि खालचे अंग कसे राखावे, हाच त्यातला प्रश्न होता.

कल्हईची भट्टी विझली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आधी जर्मनची भांडी आली, मग स्टेनलेस स्टील घरोघर पोचले. स्टीलला कल्हई लागत नाही. पण ज्या दशकांत कल्हईवाला गल्लीतून दिसेनासा होत होता, त्याच दशकांत त्याची विद्या दुसऱ्या दाराने घरात येत होती. पॉल आयस्लर या व्हिएन्नाच्या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तारांऐवजी पातळ तांब्याच्या पट्ट्यांवर रेडिओ जुळवण्याची कल्पना मांडली. महायुद्धानंतर तीच मुद्रित सर्किट म्हणून जगभर पसरली. रेडिओ, टीव्ही, संगणक, आणि आज आपल्या भागातल्या यंत्रमागांचे नियंत्रक, सगळीकडे तीच हिरवी पाटी आणि तिच्यावरची तांब्याची नक्षी.

या नक्षीलाही साय धरते. कारखान्यात पाटी तयार झाल्यापासून तिच्यावर भाग जोडेपर्यंत महिने जातात, तोवर तांबे झाकून ठेवावे लागते. त्याची पहिली युक्ती म्हणजे चक्क कल्हईच. पाटी वितळलेल्या कथिल-शिशात बुडवायची आणि वर काढताना गरम हवेच्या झोताने जादा धातू उडवून द्यायचा. बोळ्याची जागा हवेने घेतली. दुसरी युक्ती, रासायनिक द्रावणातून तांब्यावर शुद्ध कथिलाचा अतिशय पातळ थर बसवायचा. तो सपाट येतो, पण पातेल्याची गोष्ट इथे पुन्हा घडते. गोदामात पडल्या पडल्या खालचे तांबे कथिलाला खाते, करडे संयुग पृष्ठभागाला येते, आणि मग डाख धरत नाही. त्यामुळे अशा पाट्यांना वापरण्याची मुदत असते.

तिसरी युक्ती सुरतेच्या जरीवाल्याला लगेच कळेल. अस्सल जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. नकली जरीत आत तांबे, त्यावर चांदी, वर सोने. येवल्याच्या पैठणीला जर पुरवणाऱ्या या शहराला धातूवर धातू चढवण्याचे मर्म शिकवावे लागत नाही. सर्किटात तांब्यावर निकेलचा थर देतात आणि त्यावर सोन्याचा अगदी पातळ लेप. विजेचा प्रवाह न वापरता निकेल चढवण्याची पद्धत ब्रेनर आणि रिडेल यांनी अमेरिकेत १९४६ मध्ये शोधली. सोने इथे केवळ पहारेकरी. डाख वितळताच ते क्षणात त्यात विरघळून जाते, आणि सांधा होतो तो कथिल व निकेल यांचा. हे संयुग तांब्यापेक्षा सावकाश वाढते, म्हणून टिकाऊ. पण सोने जास्त झाले तर कथिलाबरोबर त्याचे ठिसूळ संयुग बनते. डाखात वजनाने तीन-चार टक्क्यांवर सोने गेले की सांधा तडकण्याचा धोका. आणि सोने चढवताना द्रावण जादा आक्रमक झाले तर ते निकेललाच कुरतडते. वरून पाटी सोन्यासारखी दिसते, डाखही बसलेला दिसतो, पण खाली काळा गंज असतो आणि जरा धक्का बसला की भाग सुटून हातात येतो. पितळ उघडे पडणे याहून वेगळे काय?

चौथी युक्ती चांदीच्या लेपाची. तिचा शत्रू आपल्या कपाटातच आहे. जुन्या शालूची जर ज्या गंधकाने काळी पडते, त्याच गंधकाने ही चांदीही काळवंडते. गंधकयुक्त आणि दमट हवेत हा गंज चांदीच्या खालच्या तांब्यापर्यंत जाऊन पाटीवर पसरतो आणि दोन रेषा एकमेकींना जोडतो. कोळशावर चालणारे बॉयलर आणि वाफेने भरलेल्या शेड जिथे आहेत, तिथल्या यंत्रांचे नियंत्रक बसवताना पाटीवर कोणता लेप आहे हे विचारणे म्हणूनच शहाणपणाचे.

शिशाचा हिशेब मात्र बाकी होता. स्वयंपाकघरातून गेलेले शिसे डाखातून दर वर्षी नव्याने घरात येत होते. अमेरिकेने १९८६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिशाचा डाख लावण्यास बंदी केली. १ जुलै २००६ पासून युरोपात विजेच्या उपकरणांत, काही अपवाद वगळता, शिशाचे प्रमाण ०.१ टक्क्यावर आणले गेले. आपल्याकडे तशीच मर्यादा १ मे २०१४ पासून लागू झाली. नव्या डाखात ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबे असते आणि तो २१७ अंशांच्या आसपास वितळतो. उष्णता वाढली, कथिल वाढले, त्यामुळे तांबे जास्त वेगाने विरघळू लागले आणि मधला थरही जाड होऊ लागला. डाखात आधीच थोडे तांबे घातल्याने पाटीचे तांबे खाण्याची त्याची भूक काहीशी भागते.

आणखी एक जुना त्रास परतला. शुद्ध कथिलाच्या लेपातून आपोआप केसांसारखे बारीक धातूचे तंतू उगवतात आणि शेजारच्या सांध्याला टेकले की सर्किट जळते. कथिलात थोडे शिसे घातले की हे तंतू आवरतात, हे १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेला कळले होते. १९ मे १९९८ रोजी गॅलेक्सी-४ हा उपग्रह निकामी होऊन अमेरिकेतले बहुतांश पेजर मुके झाले. त्याचे कारण असे तंतूच मानले गेले. म्हणून विमाने, उपग्रह, संरक्षणसामग्री यांत शिशाला अजूनही सवलत मिळते. वऱ्हाडी म्हटले, पण या वऱ्हाड्याने लग्नात बरीच भांडणे मिटवली होती.

मग शिसे घालवले ते चुकले का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मुरादाबादेत आहे. पितळेच्या भांड्यांचे ते गाव. धंदा बसल्यावर तिथे रामगंगेच्या काठी जुने सर्किट बोर्ड जाळून, आम्लात बुडवून तांबे आणि सोने काढण्याचे काम सुरू झाले. भट्टीसमोर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या वस्तीच्या वाट्याला आता शिशाचा धूर आला. यंत्र वापरणाऱ्याला डाखातले शिसे कधी दिसत नाही. ते भोगतो सांधा उकलणारा. सांधा अधिक काटेकोरपणे करण्याचा त्रास कारखान्याने सोसावा, त्या वस्तीतल्या मुलांनी नव्हे, हा न्याय मला पटतो. कल्हईच्या शुद्ध कांडीसाठी दोन पैसे जास्त मोजणाऱ्या गृहिणीचाही न्याय हाच होता.

या इतिहासातून आपल्यासाठी तीन साधी कामे निघतात. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी पुन्हा वापरात आणत असाल तर कल्हई शुद्ध कथिलाचीच करून घ्या. कांडी वाकवून तिचा आवाज ऐका. बंद पडलेले मोबाईल आणि टीव्ही भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता अधिकृत संकलन केंद्रात द्या. आणि तिसरे काम या मंडळाचे आहे. नवसागर, भाता, डाख, झाळ, मुलामा, कळकणे हे शब्द ज्यांनी कामात वापरले, अशी माणसे सुरत, नवसारी, व्यारा या भागांत अजून भेटू शकतात. त्यांच्या कृती, त्यांची मापे आणि त्यांचे शब्द लिहून घ्यावेत. कलाभवनाने शास्त्र देशी भाषेत आणण्याचे काम सुरू केले होते. कारागिराच्या तोंडचे शास्त्र वहीत उतरवण्याचे काम बरेचसे राहून गेले आहे. ते करायला प्रयोगशाळा लागत नाही. लिहिता येणारा माणूस आणि एक मोकळी दुपार पुरते.